पायाभरणीचा मानकरी

ज्यू पंचांगातला अदार महिना म्हटले की पुरीमचा सण आठवतो. त्याच महिन्याची तिसरी तिथी सहसा कुणाच्या ध्यानात नसते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांनी यरुशलेमेतले दुसरे मंदिर पुरे केले ते या तिथीला, इ.स.पू. ५१५ मध्ये. श्रेय जरुब्बाबेल आणि मुख्य याजक येशूवा यांच्याकडे गेले. त्यांच्याआधीचा शेशबस्सर मात्र मागे राहिला.

इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकल्यावर परतीची मुभा दिली. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने लुटून नेलेली पहिल्या मंदिराची भांडी खजिनदार मिथ्रदाथाने मोजून शेशबस्सराच्या हवाली केली. बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात ती यादीच आहे: सोन्याची तबके ३०, चांदीची १,०००, सुऱ्या २९, असे करत एकूण ५,४००. बेरीज मांडून पाहावी तर २,४९९ भरते! नकलून घेणाऱ्या कुणाची तरी डुलकी असावी. पण या यादीला वजन आहे. २०१३-१४ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कोरेशाचा मातीवर कोरलेला लेख आला होता. ठिकठिकाणचे देव आपण आपापल्या देवळांत परत बसवले, असे त्यात राजा सांगतो. यहुद्यांकडे परत न्यायला मूर्ती नव्हती. त्यांच्या देवळाचे जे काही उरले होते, ते या भांड्यांत होते.

पुढे पायाभरणीचा सोहळा झाला. पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे हुंदके देत होते, इतर अनेक जण जयघोष करत होते, आणि त्या गलक्यात रडे कुठले नि हर्ष कुठला हे कळेना. एज्राच्या या वर्णनात शेशबस्सर नाही. त्याचे नाव निघते ते वर्षानुवर्षे रखडलेले काम पुढच्या दारयावेश राजाच्या काळात पुन्हा सुरू झाल्यावर. सुभेदार ततनइ चौकशीला आला: परवानगी कुणाची? तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितले की शेशबस्सर नावाच्या एकाला कोरेशाने अधिपती नेमले होते आणि पाया त्यानेच घातला. आनंदाच्या दिवशी न आठवलेला माणूस कागद दाखवायची वेळ येताच आठवला.

शेशबस्सर म्हणजेच जरुब्बाबेल, असे प्राचीन ज्यू इतिहासकार जोसेफसपासून अनेकांनी मानले. आम्हाला ते पटत नाही. जरुब्बाबेल काम चालवत समोर हजर असताना त्याच्याविषयी ‘अमुक नावाचा एक’ असे कोण बोलेल? यहूदाच्या यहोयाखीन राजाचा मुलगा शेनस्सर तो हाच, असाही एक तर्क आहे. तो निदान अशक्य वाटत नाही.

ततनइच्या चौकशीवरून दप्तर धुंडाळल्यावर इराणातल्या एकबतानाच्या राजवाड्यात कोरेशाचा हुकूम सापडला. मंदिराची उंची साठ हात, खर्च राजाच्या खजिन्यातून, भांडी जागच्या जागी परत ठेवावीत, असे सगळे त्यात नमूद होते. भांडी कुणाच्या हाती सोपवली, तेवढे त्यात नव्हते.