सुक्या डब्यातला मैला

गंगेच्या पूर्व तीरावरील रामनगर म्हटले की काशीनरेशांचा किल्ला आणि महिनाभर चालणारी रामलीला आठवते. याच रामनगरात ‘नमामि गंगे’ योजनेखाली रोज एक कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभारले गेले आहे. नदीत मैला जाऊ नये म्हणून सार्वजनिक पैसा खर्च झाला, हे योग्यच. परंतु तान्ह्या मुलाचा आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा मैला नळात उतरतच नाही. तो डायपरमध्ये गुंडाळला जातो आणि त्याच क्षणी सरकारदरबारी त्याचे नाव बदलते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले ते असे : डायपर नीट बांधावा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा. नळातून आला तर मैला, पिशवीतून आला तर सुका कचरा! पलीकडच्या तीरावरील काशीत आयुष्याचे अखेरचे दिवस घालवण्यासाठी वृद्ध शतकानुशतके येत आहेत. तिथे तर हा प्रश्न केवळ पाळण्याजवळचा उरत नाही. मात्र ही पळवाट एकट्या रामनगर-काशीची नसून सबंध देशाची आहे.

डायपर म्हणजे तीन पदार्थांची मोट. बाहेर पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक, आत लाकडापासून काढलेला सेल्युलोजचा लगदा आणि त्यात सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण. हे कण आपल्या वजनाच्या कित्येक पट द्रव शोषून जेलीसारखे फुगतात आणि तो सहजी सोडत नाहीत. म्हणूनच वापरलेला डायपर जाळायला जड आणि पुरला तरी दीर्घकाळ टिकणारा. पण कॅल्शियमच्या क्षारांनी ही जेली आक्रसते व पाणी सोडते, हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. आडलेले घोडे रसायनशास्त्राचे नाही.

इटलीत ट्रेव्हिसो प्रांतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने दाबाखालील वाफेने डायपर निर्जंतुक करून, वाळवून, घटक वेगळे करून दाखवले. एक टन वापरलेल्या डायपरमधून सुमारे १५० किलो सेल्युलोज, ७५ किलो प्लॅस्टिक आणि ७५ किलो शोषक पदार्थ, असा त्याचा हिशेब आहे. या पदार्थांना ‘कचरा’ न मानता कच्चा माल कधी मानावे, याचा स्वतंत्र आदेश इटलीने २०१९ मध्ये काढला. जपानमध्ये ओझोनने शुद्ध केलेला लगदा पुन्हा डायपरमध्येच वापरण्यापर्यंत मजल गेली.

आपल्याकडे मात्र विज्ञानवार्ता मथळ्यापाशीच थांबते. इंडोनेशियात काँक्रीटमधील वाळूचा काही भाग डायपरने भरून छोटे घर बांधल्याचे संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘डायपरचे घर’ जगभर गाजले. पण डायपर आधी धुतले, वाळवले, बारीक केले गेले, हे वाक्य कोणाच्या लक्षात राहिले? ते धुणारे हात कोणाचे, हाच खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी २०१३ मध्येच विचारला होता. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने वापरलेली सॅनिटरी नॅपकिन्स थेट निर्मात्या कंपन्यांकडे परत पाठवली. त्याच पुण्यातील पॅडकेअर लॅब्जने पुढे वापरलेल्या पॅडमधून सेल्युलोज व प्लॅस्टिक वेगळे करण्याची प्रक्रिया उभी केली. म्हणजे जाब विचारणारेही येथलेच आणि उत्तर शोधणारेही येथलेच. हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारा कायदाही त्याच २०१३ सालचा. त्याने अस्वच्छ शौचालये, उघडी गटारे, रेल्वेमार्ग यांची नावे घेतली. डायपर निवडणारा हात त्याला दिसला नाही.

‘मग जुनी लंगोटच बरी,’ असे म्हणणे सोपे आहे. जिथे पाणी, ऊन आणि सवड आहे तिथे ती खरोखरच बरी. पण अर्धांगाच्या रुग्णाचे कपडे दिवसातून दहा वेळा धुण्याचा उपदेश बहुधा घरातल्या सुनेला किंवा लेकीलाच केला जातो. दुसरा आक्षेप आतबट्ट्याच्या व्यवहाराचा. तो खरा आहे. ब्रिटनमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथे २०११ मध्ये सुरू झालेला असा कारखाना दोनच वर्षांत बंद पडला. निघालेल्या लगद्याच्या किमतीत गोळा करणे, वाहणे आणि निर्जंतुक करणे यांचा खर्च निघत नाही. पण मैलापाणी केंद्राकडून तरी नफा कोणी मागितला होता? आरोग्यासाठीच्या खर्चाला तोटा म्हणत नाहीत. फक्त तो कोणी सोसायचा, हे ठरवावे लागते.

येथेच नियमांची खरी मेख आहे. २०१६ मध्ये निर्मात्यांना दोन पर्याय मिळाले : पुनर्वापरयोग्य पदार्थ वापरता येतील का ते पाहा, नाहीतर विल्हेवाटीसाठी पिशवी द्या. पिशवी स्वस्त पडते, हे सांगायला अर्थशास्त्री नको. २०२२ मध्ये प्लॅस्टिक वेष्टनांसाठी उत्पादकांची जबाबदारी निश्चित झाली. तिच्या कक्षेत डायपरचे पाकीट आले, आतला डायपर बाहेरच राहिला. टरफलाचा हिशेब, दाण्याचा नाही!

डायपर विकणाऱ्याने त्याच्या संकलनाचा व प्रक्रियेचा खर्च उचलावा आणि डायपरचा डबा निराळा असावा. तोवर रामनगरच्या केंद्रात शुद्ध होईल तो फक्त चालत्या माणसांचा मैला. रांगणाऱ्यांचा आणि खाटेवरच्यांचा मैला कुणीतरी उघड्या हातांनी निवडत राहील.