टोचणीनंतरचे 72 तास

गुरांच्या क्षयरोगाच्या प्रचलित चाचणीत जंतू प्रत्यक्ष दिसत नाही. जनावराच्या शरीराने त्याला दिलेला प्रतिसाद तेवढा मोजला जातो, आणि रायगडमधील तळा तालुक्यासारख्या दमट, डोंगराळ भागात त्या मापाचा अर्थ लावणे टोचणीपेक्षा कठीण आहे.

‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ हा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण तो त्यांच्या पोटातच तग धरतो. मग टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे प्रथिन स्रवून भक्षक पेशींना चेतवतात आणि पेशींच्या या वेढ्यातून क्षयाची गाठ बनते. हा पेशीनिर्भर प्रतिसाद लवकर येतो, तर रक्तातील प्रतिपिंडे बहुधा रोग बळावल्यावर वाढतात, त्यामुळे प्रतिपिंडे शोधणारी चाचणी सोपी असली तरी नव्या संसर्गात तिचा भरवसा धरता येत नाही. त्वचाचाचणीत वापरले जाणारे ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेली प्रथिने, रॉबर्ट कॉख यांनी 1890 मध्ये क्षयावरील उपाय म्हणून मांडले. औषध म्हणून ते फसले, निदानासाठी मात्र टिकले. त्याची 0.1 मिली मात्रा मानेच्या त्वचेत टोचतात आणि 72 तासांनी त्वचेची जाडी कॅलिपरने पुन्हा मोजतात. वाढ 4 मिमी किंवा अधिक असल्यास जनावर बाधित, 2 मिमी किंवा त्याहून कमी असल्यास निर्दोष आणि मधल्या मापाचे संशयित ठरते.

कोकणातील अडचण येथे सुरू होते. माती आणि साचलेले पाणी यांत क्षयजंतूचे अनेक निरुपद्रवी भाईबंद असतात. त्यांच्याशी परिचय झालेली गाय ट्युबरक्युलिनलाही प्रतिसाद देऊ शकते, आणि आतड्याच्या जोन्स रोगाचा जंतूही असाच चकवा देतो. म्हणून गाईच्या आणि पक्ष्यांच्या क्षयजंतूंपासून केलेली दोन ट्युबरक्युलिने मानेवर शेजारी शेजारी टोचून दोन्ही सुजांची तुलना करणारी चाचणीच या भागात ग्राह्य मानली पाहिजे; एकेरी चाचणीवर विसंबून एखाद्याची दुभती गाय रोगी ठरवणे अन्यायाचे होईल. उलट बाजूही तितकीच खरी आहे, कारण रोगाने खंगलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराची त्वचा कधी कधी प्रतिसादच देत नाही, आणि गोठ्यातील सर्वांत धोकादायक गाय निर्दोष ठरते.

गुरुवारी टोचलेल्या गाईसाठी रविवारी पुन्हा त्याच वाडीवर जावे लागते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या इंटरफेरॉन-गॅमा चाचणीत दुसरी फेरी टळते, पण रक्तातील पेशी जिवंत असतानाच ते प्रयोगशाळेत पोचावे लागते, आणि तळ्याहून पुणे गाठायचे म्हणजे माणगावमार्गे ताम्हिणी घाट चढणे आले.

याहून मोठा प्रश्न निकालानंतरचा आहे. पशूंच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत हा रोग आहे, आणि कृत्रिम रेतनासाठी पाळलेल्या वळूंची त्यासाठी नियमित तपासणीही होते. ज्या गाईला त्या वळूचे रेत भरले जाते तिची मात्र सहसा होत नाही. देशातील प्रकाशित अभ्यासांच्या 2018 मधील एकत्रित विश्लेषणाने बाधेचे प्रमाण 7.3 टक्के काढले. निरनिराळ्या चाचण्यांची ती गोळाबेरीज असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही. परदेशांत बाधित जनावर भरपाई देऊन मारतात. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद आहे, म्हणजे विलगीकरण हाच रोजचा उपाय उरतो, आणि दोन-तीन गुरांच्या गोठ्यात विलगीकरणाला जागाच नसते. पावसाळ्यात ही गुरे एकाच बंदिस्त गोठ्यात बांधलेली असतात आणि भातकापणीनंतर गावभर मोकाट चरतात. दूध उकळण्याची सवय माणसाला बऱ्याच अंशी वाचवते, परंतु तोंडाशी तोंड लावून बांधलेल्या वासराला तिचा काही उपयोग नाही.

भरपाईची आणि वेगळ्या निवाऱ्याची तजवीज न करता घरोघर तपासणी सुरू केली, तर संशयित गाय दुसऱ्या फेरीआधीच बाजारात विकली जाईल आणि रोग नव्या गावाला पोचेल. म्हणून आरंभ घरोघर न करता दूध विकणाऱ्या मोठ्या गोठ्यांपासून आणि ज्या गुरे पाळणाऱ्या घरात माणसाचा क्षय आढळला आहे तेथून व्हावा. अशा रुग्णाच्या बेडक्याच्या सीबीनॅट या जनुकीय तपासणीत जंतू माणसाचा की गाईचा हे कळत नाही, आणि ‘बोव्हिस’ तर पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला जात्याच दाद देत नाही. त्यामुळे जंतूची जात ओळखण्याची पुढील तपासणी तेथे ग्रामीण रुग्णालयाने आणि पशुवैद्यकीय दवाखान्याने मिळून मागवावी.