परत कशासाठी येणार, बाई?

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या पट्ट्यातून हिंजवडीला आणि हिंजवडीहून अमेरिकेला गेलेल्या मुलांचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. त्यांच्यामागे इथे राहिलेल्या बायकांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. लग्नासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला नवरा परत जातो, मुलगी सासरी राहते. "कायमचं होईल तेव्हा होईल, निदान एकदा जाऊन तर ये," असं म्हणत तिच्यासाठी टूरिस्ट व्हिसा काढायचं ठरतं. नवऱ्याच्या घरी बायकोने पाहुणी म्हणून जायचं!

मग घरात मुलाखतीची तयारी सुरू होते. कपडे कोणते घालायचे, इंग्रजीत काय बोलायचं, साहेबाने अमुक विचारलं तर तमुक सांगायचं. समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे अशी पाठांतर केलेली मुलगी येते, तेव्हा तिच्या बरोबर आलेले दीर किंवा सासरेच जास्त बोलत असतात. माझं म्हणणं असं, की ही सगळी तयारी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते. प्रश्न इंग्रजीचा नाहीच.

प्रश्न कायद्याचा आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) सांगतं, की पर्यटक व्हिसा मागणारी व्यक्ती तिथे कायमची राहायलाच येते आहे असं गृहीत धरायचं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर. जिचा नवराच तिथे राहतो, तिच्याबद्दल हा संशय दुप्पट होतो. दोन-चार मिनिटांच्या त्या मुलाखतीत प्रश्न दहा विचारले, तरी त्यांचा अर्थ एकच असतो: परत कशासाठी येणार, बाई?

या कलमात बाई-पुरुष असा भेद नाही. भेद आहे तो उत्तरात. पुरुष सांगतो, माझी नोकरी इथे आहे, घर माझ्या नावावर आहे, धंदा आहे. बाईने काय सांगायचं? लग्न ठरलं तेव्हा नोकरी सुटली. सासरचा फ्लॅट सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. माहेरची जमीन? रहाटणीच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पण बिल्डरशी व्यवहार व्हायच्या आधी बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको, म्हणून त्या सह्या करतात. असं करत करत बाईच्या नावावर काहीच उरत नाही.

खरं तर तिच्याइतकं इथे बांधलेलं दुसरं कोण असतं? सासूचं औषधपाणी, सासऱ्यांचं पथ्य, धाकट्या नणंदेची परीक्षा, सगळं तिच्यावर. घरात ती हातापायाने बांधलेली, आणि साहेबासमोर मात्र तिला बांधून ठेवणारं काहीच नाही! ज्या श्रमाला घरात मोल नाही, त्याला वकिलातीतही मोल नाही.

१९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला नीरजा सराफ विरुद्ध जयंत सराफ हा खटला आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवा. नीरजा शिक्षिका होती. १९८९ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या इंजिनिअरशी तिचं लग्न झालं. नवरा काही दिवसांत परत गेला, बोलावणारी पत्रं येत राहिली. ती व्हिसासाठी धडपडत राहिली आणि जायचंच आहे म्हणून तिने नोकरीचा राजीनामा दिला. पुढे पत्रांचा सूर बदलला. १९९० मध्ये हातात पडला तो व्हिसा नव्हे, तर लग्न रद्द करण्यासाठी अमेरिकेतल्या कोर्टात केलेल्या अर्जाचा कागद. अशी लग्नं परदेशी कोर्टाला परस्पर रद्दबातल करता येऊ नयेत, बाईला पोटगीची हमी मिळावी, यासाठी कायदा करण्याचा विचार व्हावा, असं न्यायालयाने तेव्हा सुचवलं. २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, २०२४ मध्ये विधी आयोगाने सर्वंकष कायद्याची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही. आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे: व्हिसा हातात पडायच्या आधी नोकरी सोडायची नाही. ती नोकरी म्हणजेच "परत कशासाठी येणार" याचं उत्तर असते, आणि नवऱ्याने पाठ फिरवली तर तीच आधार असते.

आता खोटं बोलण्याविषयी. "नवरा तिथे आहे हे सांगूच नको, मावशीकडे चाललेय म्हण," असा सल्ला एजंट देतात, घरचेही देतात. अर्जाच्या डीएस-१६० या फॉर्मवर नवरा-बायको, आई-वडील यांच्यापैकी कोणी अमेरिकेत आहे का, कायम वास्तव्यासाठी कोणी तुमच्या नावे अर्ज केला आहे का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. २१४(बी) खाली नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. पण महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचं ठरलं, तर त्या बाईवर कायमची बंदी येऊ शकते, आणि त्यातून सूट मिळण्याची वाट फार अरुंद आहे. म्हणजे उद्या नवऱ्याने रीतसर बोलावलं तरी दार बंद. सल्ला देणारे सगळे मोकळे, शिक्षा एकटीला. म्हणून फॉर्म कोणीही भरो, तो स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही.

आणखी एक प्रश्न बाईने साहेबासमोर जाण्याआधी नवऱ्याला विचारायला हवा: मी पर्यटक म्हणून का येऊ? तो एच-१बी वर असेल तर बायकोसाठी एच-४ व्हिसा आहे. नागरिक असेल तर बायकोसाठीच्या अर्जाला वार्षिक मर्यादा नाही. ग्रीन कार्ड असेल तर आय-१३० अर्ज भरून काही वर्षं थांबावं लागतं, पण अर्ज भरल्याची पावती तरी दाखवता येते. रीतसर वाट असताना जो नवरा ती टाळतो, त्याला कारण विचारणं हा संशयीपणा नव्हे. तो बायकोचा हक्क आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, अमेरिकेच्या साहेबाचं समाधान व्हावं म्हणून आम्ही घरं नावावर करून घ्यायची का? त्यांचा राग मला समजतो. परदेशाच्या दारात आपल्या बायकांचा अपमान नवा नाही. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी घेण्यात आली. बातमी फुटल्यावर तिथल्या आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी निदर्शनं केली, आणि ती प्रथा बंद करावी लागली. दारातल्या अन्यायाशी असंच भांडायला हवं. पण नोकरी, घर, खातं हे साहेबासाठी नाही. व्हिसा नाकारला गेला तरी ते आपलंच राहतं. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकोच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तेव्हा कुणाला अमेरिकेला जायचं नव्हतं.

तेव्हा तयारी करायची ती अशी. लग्नाची नोंदणी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ताबडतोब करा, दाखल्याची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. पासपोर्ट स्वतःच्या कपाटात असू द्या, सासऱ्यांच्या लॉकरमध्ये नव्हे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला मागितला जात नाही, हेही माहीत असू द्या. नवऱ्याचा तिथला पत्ता, कंपनीचं नाव, त्याच्या व्हिसाचा प्रकार आणि त्याच्या कागदांच्या प्रती मागून घ्या. स्वतःच्या नावाचं बँक खातं चालू ठेवा. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी गटातल्या कार्यकर्तीला दाखवा. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे घरातल्या पुरुषांना आवर्जून सांगा. आणि नवऱ्याने टाकलंच, तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष २००९ पासून तक्रारी घेतो.

हे काम लग्न ठरल्यावर सुरू करून भागणार नाही. पुढच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की प्रत्येकीला एवढंच विचारा: तुझ्या नावावर काय आहे? उत्तर वहीत लिहून घ्या. ज्या ओळी कोऱ्या राहतील, तिथूनच आपलं काम सुरू होतं.