ज्याच्या फुंकरीवर वरात नाचते

आमच्याकडे अवसरी बुद्रुकला वरात निघाली की गायक आणि कीबोर्डवाला भोंग्यांच्या गाडीवरून वाजतात. ट्रम्पेटवाला मात्र त्या भोंग्यांशी नुसत्या छातीच्या जोरावर झुंजतो. वरात संपेपर्यंत त्याचे ओठ सुजलेले आम्ही पाहिले आहेत.

आता ट्रम्पेटच्या पुढच्या पसरट तोंडाला चिमट्याने बसणारा कॉर्डलेस माईक मिळतो. वायरीत पाय अडकत नाही, बेताने फुंकले तरी सूर शेवटच्या माणसापर्यंत जातो. मात्र माईक अगदी तोंडाशी नेऊ नये. चारएक बोटे अंतर ठेवावे, नाहीतर आवाज फाटतो. दोन वादकांचे माईक एकाच फ्रिक्वेन्सीवर लावू नयेत, एकमेकांत खरखर होते. सेल निघण्यापूर्वीच नवे घालावेत. आणि माईक आला म्हणून रात्री 10 नंतर भोंगा चालत नाही. 2000 सालच्या ध्वनी नियमांची मर्यादा तीच आहे.

यजमानांनो, घोड्याला आणि फुलांना आपण हात आखडत नाही. मग सुपारी देतानाच माईकचेही पैसे धरा. वादकाची छाती हेच त्याचे शेत आहे; ते एका हंगामात नांगरून संपवू नका.