आपला म्हणावा असा गोलंदाज

क्रिकेटचे मोसम आता दोन झाले आहेत, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. एक मोसम मैदानावरचा. त्यात अकरा जण खेळतात आणि बाकीचे पाहतात. दुसरा मोसम मैदाने मोकळी पडल्यावर सुरू होतो आणि त्यात सगळे गाव खेळते. कोणता संघ कोणाला सोडणार, कोणाला राखणार, कोणता गोलंदाज कोठे जाणार, यांवर टपरीवरच्या चहाचे पेलेच्या पेले रिकामे होतात. पहिल्या मोसमात हार-जीत असते. दुसऱ्यात नुसती आशा असते, म्हणून तोच कित्येकांना अधिक गोड लागतो.

असा एक मोसम आमच्या सिल्वासा गावाने २०२५च्या नोव्हेंबर महिन्यात मनसोक्त उपभोगला. प्रश्न एकच होता: शार्दूल ठाकूर लखनौ सोडून मुंबई इंडियन्समध्ये येणार की नाही? परगावच्या वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही. शार्दूल मुंबईचा, मुंबईकडे आला तर नवल ते काय, असे ते म्हणतील. परंतु आम्हां सिल्वासाकरांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती समजावून सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

दादरा आणि नगर हवेलीचा रणजी करंडकात स्वतःचा संघ नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाला, १९६१ साली भारतात रीतसर विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश झाला. शासन बदलले, नकाशावरचे रंग बदलले. पण क्रिकेटमध्ये ‘आमचा संघ’ म्हणून बोट दाखवावे असे काही आमच्या वाट्याला आले नाही. त्यामुळे आम्हांला आपला संघ मानून घ्यावा लागतो, आणि मानण्यातही एकमत नाही. वडीलधारी मंडळी वानखेडेकडे तोंड करून बसतात. तरुण पिढीतील पुष्कळ मुले २०२२ साली पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळविणाऱ्या गुजरात टायटन्सच्या नावाने टाळ्या वाजवितात.

याच मुद्द्यावर झालेला एक संवाद आम्ही स्वतः ऐकला. महाविद्यालयात जाणारा एक मुलगा आपल्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांना म्हणाला, “काका, आपली रिक्षा वापी स्टेशनला जाते, चर्चगेटला नाही. आपण मुंबईचे कसे?” काकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे उत्तर दिले, “अरे बाबा, रिक्षा वापीला जाते हे खरे. पण खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात जातो ना? मग न्याय जिकडे, तिकडे आपण.” मुलगा हसला. आमच्या प्रदेशावर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार चालतो ही गोष्ट क्रिकेटच्या वादात कामी येईल, असे न्यायमूर्तींच्याही ध्यानी कधी आले नसेल!

तर अशा या दुभंगलेल्या गावात शार्दूल ठाकूर हे एकच नाव असे होते की ज्याच्यावर दोन्ही पक्ष आपला हक्क सांगत. कारण तो मुंबईचा म्हणविला जात असला तरी मूळचा पालघरजवळच्या माहीम गावचा. आणि पालघर जिल्हा तर आमच्या शिवेला लागूनच आहे. आमच्या कित्येक घरांच्या सोयरिकी त्या बाजूला आहेत. चर्चगेटपासून पालघर सुमारे ९० किलोमीटर. उपनगरी लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली ती २०१३च्या एप्रिलमध्ये. शार्दूलचे शाळकरी आणि उमेदवारीचे दिवस त्यापूर्वीचे. पाठीवर क्रिकेटचे अवजड सामान घेऊन, पहाटेच्या गाडीत उभे राहून मुंबई गाठावयाची आणि रात्री परतावयाचे, हा त्याचा नित्यक्रम होता. पुढे बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत घेतले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. २०१२ साली तो मुंबईकडून रणजी खेळू लागला. ज्याला महानगरात जन्म मिळाला नाही, त्याने आगगाडीच्या जोरावर महानगर मिळविले, ही गोष्ट आमच्यासारख्या आडगावच्या माणसांना जितकी कळते तितकी दादर-माटुंग्याच्या रसिकांना कळणार नाही.

त्याच्या पराक्रमाची यादी वाचकांना ठाऊक आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारताचे सहा गडी १८६ धावांत परतले असता त्याने वॉशिंग्टन सुंदरच्या जोडीने १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७ धावा काढल्या आणि त्या कसोटीत सात बळीही घेतले. त्याच वर्षी ओव्हलवर त्याने दोन्ही डावांत अर्धशतके झळकविली. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात गडी बाद केले. असा हा गोलंदाज २०२२च्या लिलावात दिल्लीने १० कोटी ७५ लाख रुपयांना घेतला होता. आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये जेद्दा येथे मोठा लिलाव झाला तेव्हा? तेव्हा दोन कोटींच्या मूळ किमतीवर त्याचे नाव पुकारले गेले आणि दहापैकी एकाही संघाने हात वर केला नाही.

त्या रात्री आमच्या गावात जी शांतता पसरली ती आम्हांस चांगली आठवते. पैशाचे दुःख कोणालाच नव्हते. दोन कोटी काय नि दहा कोटी काय, आमच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच अगम्य. दुःख होते ते ‘नको’ या शब्दाचे. कारखान्याच्या फाटकावर उमेदवारांच्या रांगेत उभे राहून ‘आज जागा नाही’ हे वाक्य ऐकलेली माणसे आमच्या औद्योगिक वसाहतीत घरोघर आहेत. त्यांना तो लिलाव निराळ्याच तऱ्हेने लागला.

पण शार्दूलने तक्रार केली नाही. तो रणजी खेळावयास गेला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचा पहिला डाव १२० धावांत आटोपला, त्यात ५१ त्याच्या. दुसऱ्या डावात त्याने ११९ धावा काढल्या. मुंबई तो सामना हरली, परंतु त्याचे शतक वाया गेले असे कोणी म्हटले नाही. लगेच मेघालयाविरुद्ध त्याने सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान दुखापतीने बाहेर पडला आणि त्याच्या जागी शार्दूलला बोलावणे आले. त्या वेळी लखनौचा मार्गदर्शक होता आमचा श्रीरामपूरचा झहीर खान. हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी घेऊन शार्दूलने या स्पर्धेतील आपले बळींचे शतक पुरे केले. ज्याला कोणी नको म्हटले, त्याचे हे उत्तर होते.

आता पुन्हा त्या नोव्हेंबरकडे येऊ. संघांनी राखलेल्या खेळाडूंची यादी १५ नोव्हेंबरपर्यंत द्यावयाची होती. त्याआधीच कुजबूज सुरू झाली की शार्दूल मुंबईला आणि अर्जुन तेंडुलकर लखनौला, अशी अदलाबदल ठरते आहे. झाले! टपऱ्यांवर कायदेपंडित निर्माण झाले. एक पक्ष म्हणे, मुंबईकडे बुमराह आहे, बोल्ट आहे, चाहर आहे. तेथे शार्दूलच्या चार षटकांना जागा कोठे? शिवाय २०२३ पासून सामन्यात एक बदली खेळाडू घेण्याची मुभा मिळाल्यामुळे दोन्ही कामे बेताने करणाऱ्या अष्टपैलू गड्याचे मोल घटले आहे. दुसरा पक्ष म्हणे, बोल्ट परदेशी, आणि परदेशी खेळाडूंना चारच जागा. दुखापती तर सांगून येत नाहीत. भारतीय मध्यमगती गोलंदाज, जो आठव्या क्रमांकावर चौकारही मारील, असा कोणत्या घरी नको असतो? तिसरा पक्ष तर्काच्या वाटेला गेलाच नाही. तो एवढेच म्हणे, “पोरगा घरी यायला हवा.” आम्ही मनाने या तिसऱ्या पक्षाचे होतो, हे लपवून काय उपयोग?

१३ नोव्हेंबर रोजी वार्ता अधिकृत झाली. मुंबईने शार्दूलला आहे त्याच दोन कोटींच्या मानधनावर लखनौकडून घेतले. अर्जुन तीस लाखांवर लखनौला गेला. लोक याला अदलाबदल म्हणत असले तरी कागदोपत्री हे दोन स्वतंत्र व्यवहार होते. त्याच दिवशी गुजरात टायटन्सचा रुदरफोर्डही दोन कोटी साठ लाखांवर मुंबईकडे आला. त्यामुळे आमच्या गावातील टायटन्सपंथी मुले जरा हिरमुसली. पण तीही शार्दूलच्या नावाने पेढा खाऊन गेली. यापूर्वी पंजाबकडून पुण्याकडे आणि दिल्लीकडून कोलकात्याकडे, अशी त्याची दोनदा बदली झाली होती, ही तिसरी. मैदानावर पुढे काय होते ते धावफलक सांगतो. आमचा विषय तो नाही. आमचा विषय आहे तो ‘आपला’ हा शब्द.

गुणी खेळाडूने आपले गाव सोडून दुसऱ्याच्या पदरी जावे, ही रीत आजची नव्हे. सांगलीचे विजय हजारे बडोद्याच्या महाराजांच्या आश्रयाला गेले आणि १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागी रचली, ती बडोद्याच्या नावावर. समोर होता होळकरांचा संघ, ज्याचे नेतृत्व मूळचे नागपूरचे कर्नल सी. के. नायडू करीत. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोदा, महाराष्ट्र आणि होळकर अशा तिन्ही संघांतून खेळले. त्या काळी लिलावाचा हातोडा नव्हता. महाराजांचा हुकूम आणि संस्थानातील नोकरी होती. वडोदरा आणि इंदूर येथील आमच्या मराठी वाचकांच्या आजोबांनी या पाहुण्यांना पाहुणे मानले नाही, घरचेच मानले. आणि पुढे झहीर खान २०००-०१ साली बडोद्याला रणजी करंडक मिळवून देण्यात वाटा उचलून २००६ मध्ये मुंबईला निघून गेला, तेव्हा त्यांच्या नातवांना जे वाटले तेही आम्ही जाणतो.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात हा प्रश्न फार कडवटपणे लढला गेला. तेथे एकदा संघाशी करार केला की खेळाडू जन्माचा बांधला जाई. मालक त्याला विकू शके, तो मालकाला सोडू शकत नसे. १९६९ साली कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला बारा वर्षांच्या सेवेनंतर सेंट लुईसच्या संघाने न विचारता फिलाडेल्फियाला धाडले. त्याने जाण्यास नकार दिला आणि दावा लावला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन अशा मतांनी हरला आणि त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. परंतु १९७५च्या डिसेंबरमध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला की करार संपला म्हणजे खेळाडू मोकळा. तेव्हापासून तेथील रसिक दर हिवाळ्यात, कोणता मोकळा गोलंदाज आपल्या गावी येईल, याची स्वप्ने पाहत शेकोटीशी बसतात.

आमच्याकडील व्यवस्था या दोहोंच्या मधली आहे. लिलावात खेळाडूला आपला संघ निवडता येत नाही. जो अधिक बोली लावील त्याच्याकडे जावे लागते, आणि कोणीच लावली नाही तर घरी बसावे लागते. संघांनी आपसांत व्यवहार करावयाचा झाल्यास मात्र खेळाडूची संमती लागते. शार्दूल लिलावाच्या वाटेने मुंबईला आला असता तर तो योगायोग ठरला असता. संमतीच्या वाटेने आला, म्हणून आम्ही त्याला ‘घरी आला’ असे म्हणू शकतो. आमच्या आनंदाचे खरे कारण हेच असावे, असे आम्हांस वाटते.

मात्र या आनंदाबरोबर एक कर्तव्यही येते. २०२४ साली हार्दिक पंड्या अहमदाबाद सोडून मुंबईचा कर्णधार होऊन आला, तेव्हा वानखेडेवर त्याच्याच संघाच्या रसिकांनी त्याची हुर्यो उडविली. तो बडोद्याच्या क्रिकेटमधून वर आलेला मुलगा. त्याच्याही घरची माणसे दूरदर्शनसंचासमोर बसत असतील, हे त्या गर्दीला सुचले नाही. ‘आपला’ म्हणण्याचा हक्क सांगावयाचा आणि एक षटक महाग पडताच तो शब्द मागे घ्यावयाचा, ही रसिकता नव्हे, ती सावकारी झाली. शार्दूल महागडी षटके टाकील. तो पूर्वीही टाकीत आला आहे. बळी मिळविण्यासाठी धोका पत्करणे हाच त्याचा स्वभाव. अशा एखाद्या संध्याकाळी आमच्या गावातील मंडळींनी जेद्दाची ती रात्र स्मरावी.

आणि तरुण वाचकांना आणखी एक सांगावेसे वाटते. आमच्या प्रदेशाचा संघ नाही म्हणून आमची मुले खेळू शकत नाहीत, असे रडगाणे आम्ही वारंवार ऐकतो. तक्रार खोटी नाही. परंतु माहीमच्या मुलालाही स्वतःचा संघ नव्हता. त्याच्यापाशी होती ती पहाटेची गाडी, पाठीवरची पिशवी आणि आपल्या घराचे दार उघडणारा एक गुरू. यांतील गाडी आणि पिशवी आमच्या मुलांपाशी आहेत; दार उघडण्याचे काम आम्हां मोठ्यांचे आहे. शेजारच्या वाडीतील एखादा वारली किंवा कोकणा मुलगा रबरी चेंडू जोराने टाकताना दिसला, तर त्याला कोणाकडे पाठवावयाचे, त्याच्या बुटांचे आणि प्रवासभाड्याचे काय करावयाचे, यावरही टपरीवर एखादी संध्याकाळ घालवावयास हरकत नाही. कोट्यवधींचे हिशेब आपण फुकट करतोच. हा हिशेब तर पाच-दहा घरांच्या वर्गणीत बसण्यासारखा आहे.