सायकल कोणती घ्यावी?

लहान चाकांच्या बीएमएक्स सायकलीचा मोह कोणाला होत नाही? पण तिच्यातही प्रकार आहेत. शर्यतीची सायकल हलकी असते. कसरतीची दणकट असते, कारण तिला उड्यांचे हादरे सोसावयाचे असतात. ऑलिंपिकमध्ये पहिलीचा खेळ २००८ साली आला, दुसरीचा २०२१ साली.

तथापि दोहींची बैठक ठेंगणी व गिअर एकच. अकोले तालुक्यातील चढणीच्या वाटेने रोज शाळेत जाणारा मुलगा तिच्यावर थकून जाईल. त्याला गिअरची सायकल बरी. नेवाशाच्या सपाट रस्त्याला साधी, मोठ्या चाकांची सायकल पुरे. मैदानात उड्या मारावयाच्या असतील, तर मात्र बीएमएक्सच हवी.

म्हणून मला वाटते, आधी आपली वाट पाहावी, मग सायकल. केवळ शेजाऱ्याची चकाकी पाहून आईवडिलांच्या घामाचा पैसा खर्चू नये.