चार सेंटीमीटरची काळजी

काशीला नारद घाटाच्या शेजारी राजा घाट आहे. त्याचेच दुसरे नाव अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी करार करून, नेमणूक घेऊन उत्तरेकडे गेले आणि पुढे त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला. शेजारच्या नारद घाटावर नवरा-बायकोने जोडीने स्नान केले तर त्यांच्यात भांडणे होतात, अशी समजूत आहे. अमृतरावांच्या घाटाबद्दल असे काही ऐकिवात नाही!

काशीच्या घाटांवर पहाटे बायका स्नानाला उतरतात. सासू असते, सून असते, नात असते, गावाकडून यात्रेला आलेल्या पंधरा-वीस जणींचा घोळका असतो. एक जण साडीचा आडोसा धरते, दुसरी ओले सोडून कोरडे नेसते. कुणी कुणाकडे टक लावून पाहत नाही, पण दिसायचे ते दिसतेच. आपल्याकडेही नदीवर, विहिरीवर, न्हाणीघरात, बाळंतिणीच्या खोलीत असेच होते. मुलगी पंधरा वर्षांची होईपर्यंत तिने आई, मावशी, आत्या, शेजारीण अशा दहा-वीस बायका पाहिलेल्या असत आणि कुणी न सांगताच तिला कळलेले असे की, बाईची छाती एका साच्यातून काढलेली नसते.

आज घरोघरी कडी लावून बंद होणारे बाथरूम आले. ते चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आजची मुलगी स्वतःखेरीज दुसऱ्या बाईचे शरीर पाहते ते मोबाइलच्या पडद्यावर, आणि तिथले शरीर निवडलेले, प्रकाशात सजवलेले, बऱ्याचदा खोडून-पुसून नीट केलेले असते.

घाटाची ही आठवण निघाली ती एका प्रश्नावरून. लग्न ठरलेली एक मुलगी विचारते की, स्तनाग्राभोवतीचे गडद वर्तुळ माझे फार मोठे आहे, ते ऑपरेशनने लहान करतात असे वाचले, लग्नाला दोन महिने आहेत, पैसे साठवलेले आहेत, करून घेऊ का? असाच प्रश्न दोन मुलांच्या आईकडूनही येतो, फक्त तिच्या बाबतीत नवऱ्याने एकदा काहीतरी बोलून ठेवलेले असते. बोलणारा विसरतो. ती मात्र रोज आरशासमोर तेवढेच पाहते.

घरातल्या बोलीत या वर्तुळाला धड नावही नाही. डॉक्टर त्याला एरिओला म्हणतात, पुस्तकात स्तनमंडल हा शब्द सापडतो. नाव नसल्यामुळे त्याबद्दल आईला विचारताही येत नाही. त्यामुळे आधी थोडी माहिती घेऊ.

या वर्तुळाचा व्यास सरासरी चार सेंटीमीटरच्या आसपास असतो. पण सरासरी म्हणजे नियम नव्हे. कुणाचे दोन-तीन सेंटीमीटरचे असते, कुणाचे आठ-दहाचे, आणि दोन्ही निरोगी. स्तन मोठे असतील तर वर्तुळही बहुधा मोठे असते. एकाच बाईच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. काहींचे वर्तुळ अगदी गोल असते, काहींचे लांबट, कडेला दोन-चार केसही असतात. रंग त्वचेप्रमाणे गुलाबी-तपकिरीपासून काळसरपर्यंत. वर्तुळावर बारीक पुरळासारखे जे उंचवटे दिसतात त्या तेलकट स्राव देणाऱ्या ग्रंथी आहेत. मूल पाजताना त्वचा मऊ राहावी म्हणून त्या कामाला येतात. त्या फोडायच्या नसतात, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण फोडून जंतुसंसर्ग ओढवून घेणाऱ्या मुली असतात.

वयात येताना हे वर्तुळ पसरते आणि काही काळ फुगीरही दिसते. गर्भारपणात ते आणखी मोठे व गडद होते. बाळाला ते नीट दिसावे, तोंड बरोबर जागी लागावे यासाठी निसर्गाने केलेली ही सोय असावी, असे मानतात. अंगावरचे पाजणे बंद झाल्यावर ते काहीसे आकसते, पण पूर्वीसारखे होईलच असे नाही. वजन वाढले-घटले की त्वचेबरोबर तेही ताणते किंवा सैल पडते. वर्तुळाच्या आकारावरून दूध किती येईल हे ठरत नाही आणि बाईच्या चारित्र्याचा तर त्याच्याशी सुतराम संबंध नाही. हे दुसरे वाक्य लिहावे लागते याचीच लाज वाटते, पण लग्नानंतर पहिल्या महिन्यात असला संशय घेणारे नवरे अजून आहेत.

आता ऑपरेशनकडे. या विषयात काशीचे नाव घेतले ते उगाच नाही. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी हे गुरू आणि सुश्रुत हा शिष्य. कापलेले नाक पुन्हा बसवण्यासाठी झाडाच्या पानाने माप घेऊन गालाची त्वचा कशी वळवावी, याचे वर्णन त्या ग्रंथात आहे. हीच विद्या पुढे कितीतरी शतकांनी पुण्यात दिसते. इंग्रजांच्या लष्करात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा साचा करून, कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसेच ऑपरेशन केले. पुण्यात हे घडले तेव्हा अमृतराव विशी-पंचविशीतले होते.

नाक कापणे ही तेव्हा शिक्षा होती, अपमान होता, आणि ज्याचे गेले त्याला ते परत देणे हे या शास्त्राचे काम होते. आजही ते काम चालू आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने चालवलेले कॅन्सर रुग्णालय २०१९ पासून आहे. अशा रुग्णालयांत कॅन्सरपायी स्तन गमावलेल्या बायका येतात. स्तन नव्याने घडवल्यावर शेवटी हेच गडद वर्तुळ त्वचा वळवून किंवा चक्क गोंदवून तयार करण्याची पद्धत जगभर आहे. एकीला जे नव्याने काढून हवे असते, ते दुसरीला थोडे कापून टाकायचे असते. म्हणून दुसरीची तक्रार खोटी ठरत नाही, पण तिचे ऑपरेशन निराळ्या जातीचे आहे, हे तिने ओळखावे. इथे निरोगी, शाबूत त्वचेवर सुरी चालते. गेलेले काही परत मिळत नाही. त्यामुळे थोडे बिघडले तरी नुकसान निव्वळ नुकसानच ठरते.

ऑपरेशन तसे मोठे नाही. सर्जन ३८, ४२ किंवा ४५ मिलिमीटर व्यासाचा गोल साचा ठेवून आतले वर्तुळ आखतो. बाहेरच्या कडेपर्यंतची त्वचेची कडी, मेदूवड्यासारखी म्हणा ना, काढून टाकतो. मग बाहेरची मोठी कड आतल्या लहान कडेशी जुळवायची, तर बटव्याच्या नाडीसारखा एक टाका आतून गोल फिरवून ती आवळावी लागते. हा टाका बहुधा न विरघळणाऱ्या धाग्याचा असतो, नाहीतर वर्तुळ पुन्हा पसरते. पुष्कळदा जागा बधिर करूनच काम होते, तास-दीड तास लागतो आणि त्याच दिवशी घरी जाता येते. काही आठवडे आधार देणारी ब्रा रात्रंदिवस घालावी लागते, पाण्याची घागर, गॅसची टाकी, कडेवरचे मूल असले काही उचलता येत नाही. सुरुवातीला कडेला चुण्या पडलेल्या दिसतात, त्या दोन-चार महिन्यांत बसतात.

राहतो तो व्रण. तो वर्तुळाच्या कडेवरच येत असल्यामुळे चांगला भरला तर लपून जातो. पण तो आधी लाल, टणक असतो आणि निवळायला वर्षभर लागू शकते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर जाड, वर आलेले व्रण होण्याचा धोका गोऱ्यांपेक्षा अधिक. कान टोचल्यावर किंवा लशीच्या जागी ज्यांना गाठ आली असेल त्यांनी तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. दोन बाजू थोड्या वेगळ्या दिसू शकतात. ताण पडून वर्तुळ हळूहळू पुन्हा रुंदावते, हेही होते. दुधाच्या नळ्या खाली असतात आणि केवळ वरची त्वचा काढली तर त्या बहुधा शाबूत राहतात, तरी पुढे पाजताना अडचण येणारच नाही अशी हमी कुणी देऊ नये. दिली तर तिथून उठून यावे.

दोन महिन्यांवर लग्न आलेल्या मुलीने आता हिशेब करून पाहावा. आज ऑपरेशन झाले तर लग्नाच्या रात्री तिच्या छातीवर दोन लालभडक गोल व्रण असतील, आणि ते कसले हे सांगण्याची वेळ येईल. वर्षा-दोन वर्षांत दिवस राहिले तर वर्तुळ पुन्हा ताणले जाईल आणि पैसे पाण्यात. मूल हवे असेल तर ते होऊन, अंगावरचे पाजणे सुटून निदान सहा महिने जाऊ द्यावेत, असेच जबाबदार सर्जन सांगतात. आणि अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत हा विषय काढूच नये. वाढ पुरी व्हायची असते, आज फुगीर दिसणारे उद्या आपोआप सपाट होते.

मग कुणीच करू नये का? तसे नाही. मूलबाळ झालेली, विचारांनी पक्की, वर्षानुवर्षे हे डाचत असलेली बाई स्वतःसाठी ठरवत असेल तर तिला थांबवणारे आपण कोण? स्तन ओघळले म्हणून किंवा फार जड असल्याने पाठ दुखते म्हणून ऑपरेशन करायचे ठरले, तर त्यातच वर्तुळही बेताचे करून देतात, त्यासाठी वेगळा घाट घालावा लागत नाही. पण नवऱ्याच्या शेऱ्यावर उपाय म्हणून सुरीखाली जाऊ नये. त्याला आज वर्तुळ मोठे दिसते, उद्या पोट दिसेल. अशा वेळी डॉक्टरकडे न्यायचेच असेल तर आधी त्याला न्यावे. एखादी मुलगी दिवसातून दहादा आरशात पाहत असेल, कपडे बदलताना रडत असेल, हॉस्टेलवर राहायला नकार देत असेल, तर दोष वर्तुळात नसून मनाला लागलेल्या एका आजारातही असू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत, आणि तो आजार ऑपरेशनने सहसा बरा होत नाही, उलट नवा दोष शोधून काढतो.

क्रीम, तेल, व्यायाम, मालिश यांपैकी कशानेही हे वर्तुळ लहान होत नाही. रंग उजळवण्याच्या मलमांत स्टेरॉइड किंवा पारा असला तर त्वचा पातळ होते, जळते, आणि पाजणाऱ्या आईच्या बाबतीत ते बाळाच्या तोंडात जाते.

करायचे ठरलेच तर पाटीवर 'कॉस्मेटिक' हा शब्द आहे एवढ्यावर भागवू नये. एम.बी.बी.एस. आणि एम.एस.नंतर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, ते पाहावे. वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, तेही विचारावे. त्यांनी केलेल्या रुग्णांची, वर्षभरानंतरची छायाचित्रे दाखवा म्हणावे, आठवड्याची नकोत. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विमा देत नाही, तेव्हा पुढे काही दुरुस्ती लागली तर तिचे पैसे कोण देणार हे आधीच लिहून घ्यावे. आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर ती लपवू नये. तंबाखू दाताला लावली काय किंवा ओढली काय, रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही. काही आठवडे आधीपासून ती बंद करावी लागते.

एक गोष्ट मात्र या सगळ्याहून वेगळी आणि तातडीची. वर्तुळ जन्मापासून किंवा वयात आल्यापासून मोठे असेल तर भीती नाही. पण एकाच बाजूला, अलीकडे बदल झाला, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्तासारखे पाणी आले, गाठ लागली, किंवा इसबासारखे खाजरे, खपल्यांचे चट्टे आले आणि मलम लावून महिनाभरात गेले नाहीत, तर लाजून घरी बसू नये. स्तनाग्रावरच्या अशा चट्ट्यामागे कॅन्सर असू शकतो, हे जेम्स पॅजेट या इंग्रज सर्जनने १८७४ सालीच लिहून ठेवले आहे. त्यासाठी सौंदर्याचे क्लिनिक नव्हे, जिल्हा रुग्णालयातली किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यातली सर्जरीची ओ.पी.डी. गाठावी. बाई डॉक्टर हव्या असतील तर तसे केसपेपर काढतानाच सांगावे.